अल्हणादेवीचे दानपत्र आणि आधुनिक चित्रांचे घर

खाजगी हौसेने जमविलेला चित्रसंग्रह सार्वजनिक संग्रहालय कोणत्या दिवशी झाला हे ठरविताना आपण बहुधा इमारतीच्या कोनशिलेवरील तारीख वाचतो. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे तो दिवस वेगळाच असतो. ज्या दिवशी संग्राहक आपल्या हयातीत आणि राजीखुशीने, ही चित्रे यापुढे माझी नाहीत व माझ्या वारसांचीही नाहीत असे लिहून देतो, त्या कागदाला चित्रांची फेरिस्त जोडतो, देखभालीला पुरेल एवढ्या उत्पन्नाची तजवीज करतो आणि किल्ल्या कोणाच्या हाती राहावयाच्या याचा निर्णय करतो, त्या दिवशी संग्रहालयाचा जन्म होतो. इमारत त्यानंतर आली तरी चालते, आणि तो कागद झालाच नाही तर उत्तमातली उत्तम इमारतही दोन पिढ्यांत कुलूपबंद वखार होऊन बसते. जबलपूरजवळ, नर्मदाकाठच्या भेडाघाटला आधुनिक चित्रकलेचे एक लहानसे पण कायमचे संग्रहालय असावे, आणि ते सरकारी अंदाजपत्रकातील एखाद्या रकमेतून नव्हे तर या प्रांतातील घराघरांत असलेल्या खाजगी संग्रहांतून उभे राहावे, असे मला पुष्कळ वर्षांपासून वाटत आले आहे. ते कसे होऊ शकेल याचा विचार येथे करावयाचा आहे.

मुंबईच्या जहांगीर निकल्सन यांचे उदाहरण या बाबतीत प्रथम आठवते. (काळ्या घोड्यापाशी असलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीशी त्यांचा संबंध नावापुरताच, ती सर कावसजी जहांगीर यांच्या घराण्याच्या देणगीतून झाली.) निकल्सन हे व्यवसायाने सनदी लेखापाल, कापसाच्या व्यापारात मुरलेले, मोटारींच्या शर्यतींत उतरणारे आणि मुंबईचे शेरीफपद भूषविलेले पारशी गृहस्थ. पन्नाशी उलटल्यावर, पत्नीच्या निधनानंतर, १९६८ च्या सुमारास त्यांनी पहिले चित्र विकत घेतले, आणि तेथून पुढे आयुष्याच्या अखेरीपर्यंत हा व्यासंग सुटला नाही. ज्या काळी आपल्याकडे आधुनिक चित्राला गिऱ्हाईक मिळणे हीच नवलाची गोष्ट होती, ज्या काळी आज ज्यांची नावे आदराने घेतली जातात ते चित्रकार महिन्याचे भाडे भागविण्याच्या विवंचनेत असत, त्या काळी हा गृहस्थ प्रदर्शनांमागून प्रदर्शने पाहत, चित्रकारांच्या ओळखी करून घेत, स्वतःच्या डोळ्यावर भरवसा ठेवून चित्रे घेत राहिला. त्यातून सुमारे आठशे कलाकृतींचा संग्रह तयार झाला. स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेचा, विशेषतः मुंबईत घडलेल्या चित्रकलेचा, इतका सलग पट एका माणसाच्या मिळकतीत एकत्र आल्याची उदाहरणे थोडीच आहेत.

निकल्सन यांना ही चित्रे लोकांनी पाहावी असे मनापासून वाटत होते. १९७६ मध्ये नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात त्यांच्या नावाचे आधुनिक कलेचे दालन सुरू झालेही. पण दालनाच्या भिंती ठरलेल्या आणि संग्रह वाढता, त्यामुळे त्यांच्या मनातील संग्रहालय काही त्यांना डोळ्यांनी पाहावयास मिळाले नाही. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. संग्रह मात्र त्यांनी न्यासाच्या हवाली केलेला होता. त्या न्यासाने २००८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी करार केला, आणि २०११ मध्ये त्या जुन्या वास्तूच्या पूर्वेकडील भागात निकल्सन यांच्या चित्रांचे दालन खुले झाले. संग्राहकाच्या मृत्यूपासून दार उघडेपर्यंत दहा वर्षे गेली. चित्राच्या आयुष्यात दहा वर्षे हा काळ लहान नव्हे. मुंबईची दमट हवा, गुंडाळून ठेवलेले कॅनव्हास, कोपऱ्यांतून धरणारी बुरशी यांना करार-मदार समजत नाहीत. तरीही संग्रह अखंड राहिला, आणि त्याचे श्रेय मी त्या न्यासाच्या दस्तऐवजाला देतो. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतील एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र तेवीस कोटी सत्तर लाख रुपयांना गेले. निकल्सन यांच्या संग्रहातही गायतोंडे आहेत. अशी चित्रे कुणा खाजगी माणसाच्या वारसाहक्कात राहिली असती तर ती एकेक करून कोठे गेली असती हे सांगावयास ज्योतिषाची गरज नाही, आणि वारसांना त्याबद्दल दोष देणेही न्याय्य झाले नसते.

ज्या वास्तूने निकल्सन यांच्या चित्रांना आसरा दिला ती वास्तूही खाजगी संग्रहांवरच पोसलेली आहे. प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम या नावाने ती १९२२ मध्ये लोकांसाठी उघडली, त्यापूर्वीच, १९१५ मध्ये, शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह तिच्यासाठी घेण्यात आला होता आणि त्यात नाना फडणविसांच्या मेणवलीच्या संग्रहातील वस्तू होत्या. पुढे सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह मृत्युपत्रांद्वारे आले. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, अडकित्ते, दिवे, दरवाजे आणि वाद्ये यांचा आयुष्यभर जमविलेला संसार महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, ही हकीकत मराठी वाचकाला ठाऊकच आहे. तात्पर्य, आपल्या देशात लोकांची म्हणून जी संग्रहालये नावारूपाला आली त्यांतील कितीतरी मुळात कुणा एकाच्या वेडातून निघाली, आणि सरकार किंवा संस्था मागाहून आली.

आता निकल्सन यांच्या दालनात ज्यांची चित्रे आहेत त्यांच्याकडे या नर्मदाकाठावरून पाहू. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातील बाबरियाचा. वडील जंगलखात्यात नोकरीला. काकैया गावच्या प्राथमिक शाळेत या चंचल मुलाचे चित्त थाऱ्यावर यावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसावयास सांगितले, ही आठवण रझा आयुष्यभर सांगत असत. त्या ठिपक्याचा पुढे बिंदू झाला आणि पॅरिसमध्ये बसून त्यांनी तो पुनःपुन्हा रंगविला. त्यांचे चित्रकलेचे पहिले रीतसर शिक्षण नागपूरच्या कलाशाळेत झाले. २०१६ मध्ये दिल्लीत देह ठेवल्यावर त्यांच्याच इच्छेने त्यांचे दफन मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी झाले. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईच्या चित्रकार-मंडळातील त्यांचे सोबती हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. गायतोंडे मूळचे गोव्याकडचे, पण जन्मले नागपुरात, १९२४ साली. म्हणजे ज्याला आपण मुंबईची आधुनिक चित्रकला म्हणतो तिच्या पहिल्या फळीतील तीन माणसे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मातीतून आली, आणि त्यांतील एक तर जी नदी भेडाघाटला संगमरवराच्या कड्यांतून वाहते तिच्याच वरच्या अंगाच्या जंगलात वाढला. त्यांची चित्रे पाहावयाची झाली तर मंडल्याच्या शाळेतील मुलाला मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. रझांचे ‘सौराष्ट्र’ हे प्रचंड चित्र किरण नाडर यांनी घेतले आणि ते त्यांनी २०१० मध्ये स्थापन केलेल्या दिल्लीच्या खाजगी संग्रहालयात आहे. ते तेथे लोकांना पाहावयास मिळते याचा आनंदच आहे, परंतु नर्मदेच्या खोऱ्याला आपल्या लेकरांची ओळख परक्या गावी जाऊन करून घ्यावी लागावी ही गोष्ट मला खुपते.

भेडाघाटला येणारा प्रवासी धुआंधारचा धबधबा पाहतो, पंचवटी घाटावरून नावेत बसून संगमरवरी दरीतून फिरून येतो, आणि उत्साह व पाय शाबूत असतील तर शंभरावर पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या देवळात जातो. दहाव्या शतकात कलचुरी राजा युवराजदेव पहिला याच्या काळात उभारलेले हे वर्तुळाकार देवालय म्हणजे माझ्या मते हिंदुस्थानातील सर्वांत जुन्या आणि सर्वांत दुर्लक्षित शिल्पदालनांपैकी एक आहे. गोल ओवरीत एक्याऐंशी कोनाडे; त्यांत बसलेल्या योगिनींचे हात तुटलेले, कित्येकींचे मुखच नाहीसे झालेले, स्तनांवर आणि मांडीवर घावांचे व्रण. पण जरा वाकून बैठकीकडे पाहावे, तर तेथे नागरी अक्षरांत नाव कोरलेले आहे: श्रीफणेंद्री, श्रीकामदा, श्रीतेरंवा. ज्या शिल्पकाराने हे काम केले त्याने किंवा त्याच्या धन्याने प्रत्येक मूर्तीखाली तिचे नाव असले पाहिजे असा आग्रह धरला म्हणूनच मुखे गेल्यानंतरही त्या कोण होत्या हे आपल्याला सांगता येते. कोणत्याही संग्रहालयाचे पहिले कर्तव्य हेच, की वस्तूखाली तिचे नाव असावे.

पायऱ्या उतरून धबधब्याच्या वाटेला लागले की दोन्ही बाजूंना मऊ पांढऱ्या दगडाच्या कोरीव वस्तूंची दुकाने लागतात. दुकानाच्या कडेला पोत्यावर बसून एखादा कारागीर पायाच्या बोटांत दगड धरून कानशीने शंकराच्या पिंडीचा कडा घाशीत असतो. भुकटी गुडघ्यांवर, भुवयांवर आणि चहाच्या पेल्याच्या काठावरही बसलेली असते. हाताला कसब आहे, परंतु त्या हाताने गेल्या शंभर वर्षांत शिल्पकलेत काय काय घडले ते कधी पाहिलेले नाही, कारण ते पाहावयाचे ठिकाणच येथे नाही. जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात प्राचीन शिल्पे आणि शिलालेख आहेत. ते आपले काम करते. मधली हजार वर्षे ओलांडून आजच्या दिवसापर्यंत येणारे एकही दालन मात्र या कारागिरांच्या वाटेत येत नाही.

येथे भेडाघाटच्याच एका कागदाचा, खरे म्हणजे एका दगडाचा, उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते. कलचुरी राजा गयाकर्ण याची राणी अल्हणादेवी हिने आपला पुत्र नरसिंहदेव याच्या राज्यकाळात, चेदि संवत ९०७, म्हणजे इसवी सन ११५५ मध्ये, येथे शिवाचे देवालय उभारले आणि त्याचा शिलालेख कोरविला. त्या लेखात तिने केवळ देऊळ बांधल्याची घोषणा केलेली नाही. देवळाबरोबर मठ, व्याख्यानशाला आणि उद्यानांची रांग आपण केल्याचे ती सांगते; या साऱ्याच्या खर्चासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून देते; आणि व्यवस्था लाटदेशीय परंपरेतील पाशुपत आचार्य रुद्रराशी याच्याकडे सोपविते. वास्तू, अध्ययनाची जागा, लोकांना बसावयास झाडांची सावली, कायमचे उत्पन्न आणि नाव घेऊन नेमलेला व्यवस्थापक: आज एखाद्या विद्वत्सभेने आदर्श संग्रहालयाची घटना लिहावयास घेतली तर यापलीकडे कोणते कलम ती घालील? महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात बसून कलचुरींचे सारे लेख एकत्र संपादित केले आणि १९५५ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथातून हा लेख वाचताना एका राणीची व्यवहारबुद्धी आठशे वर्षांच्या अंतरावरूनही मनावर ठसते.

मात्र हा दगड आज भेडाघाटला नाही. एकोणिसाव्या शतकात तो समुद्रापार गेला आणि अमेरिकेतील न्यू हेवन येथे अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात जमा झाला. फिट्झएडवर्ड हॉल या विद्वानाने त्याचे वाचन तिकडील नियतकालिकात छापले, म्हणून ज्ञानाच्या दृष्टीने तो हरवला असे म्हणता येत नाही. पण ज्या जागेचा तो दस्तऐवज होता ती जागा त्याला मुकली. ज्या वस्तूला स्वतःच्या गावी राहावयास घर नसते तिला दूरचे कुणीतरी घर देते, आणि ते बहुधा सद्भावनेनेच देते. चित्रांच्या बाबतीतही हेच घडत आले आहे, आणि घडत राहील.

भेडाघाटसारख्या लहान ठिकाणी आधुनिक कलेचे संग्रहालय कोण पाहणार, हा आक्षेप मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्याला उत्तर म्हणून सातारा जिल्ह्यातील औंधाकडे बोट दाखवावेसे वाटते. संस्थानाधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये आपल्या संग्रहासाठी खास वास्तू बांधविली. रविवर्म्याची आणि धुरंधरांची चित्रे, किरातार्जुनीयाची पहाडी शैलीतील लघुचित्रमाला, आणि हेन्री मूर या विसाव्या शतकातील महान इंग्रज शिल्पकाराचे माता आणि मूल हे शिल्प एका खेड्याच्या डोंगरावर आजही आहेत. पुढल्याच वर्षी या राजाने आपल्या प्रजेच्या हाती राज्यकारभाराची सनद दिली. राज्य आणि चित्रे ही दोन्ही लोकांची आहेत हा एकच विचार त्यामागे असावा असे मला वाटते. संस्थान विलीन झाले, संग्रहालय शासनाकडे गेले, आणि देवीच्या दर्शनाला आलेला शेतकरी आजही रविवर्म्यासमोर उभा राहतो. मुंबईच्या एखाद्या दालनात त्याला कुणी बोलाविले नसते.

याहूनही बोलके उदाहरण हॉलंडचे आहे. हेलेन क्रोलर-म्यूलर या श्रीमंत बाईने १९०७ च्या सुमारास चित्रे घ्यावयास आरंभ केला आणि व्हॅन गॉगची चित्रे, जेव्हा त्यांना फारसा भाव नव्हता तेव्हा, इतक्या संख्येने जमविली, की आज ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाखालोखाल तोच संग्रह जगात मोठा मानला जातो. तिने आपल्या चित्रांसाठी अरण्यात एक भव्य प्रासाद योजिला. पाया खणून झाला, दगड येऊन पडले, आणि नवऱ्याच्या धंद्याला ओहोटी लागताच काम थांबले. त्या विवंचनेतून बाईने १९२८ मध्ये संग्रह न्यासाच्या नावे केला आणि १९३५ मध्ये तो डच सरकारला अर्पण करून बदल्यात एवढेच मागितले, की सरकारने त्यासाठी घर बांधावे. १९३८ मध्ये ओटर्लो गावाजवळच्या त्याच अरण्यात एक साधी, बैठी इमारत उघडली. ती तात्पुरती म्हणूनच बांधली होती. भव्य प्रासाद पुढे कधीच झाला नाही, आणि ती तात्पुरती इमारत आजही वापरात आहे. लोक शहरातून मुद्दाम अरण्यात जातात, झाडीतून सायकलीवर फिरतात आणि मग व्हॅन गॉग पाहतात. ज्यांना भेडाघाट दूर वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे, की येथे प्रवासी आणावा लागत नाही. तो आधीच आलेला आहे.

तथापि दानपत्र केले म्हणजे सर्व साधले असेही नाही, कारण दानपत्र अति कठोर झाले तरी वस्तूंना जाच होतो. अमेरिकेतील डॉक्टर अल्बर्ट बार्न्स यांनी १९२२ मध्ये आपल्या अप्रतिम चित्रांची संस्था स्थापिताना असा निर्बंध घातला, की भिंतीवरील एकही चित्र जागचे हलता कामा नये. त्यांच्या पश्चात संस्था कर्जाच्या खाईत गेली, वर्षानुवर्षे दिवाणी दावे चालले, आणि अखेरीस न्यायालयाच्या परवानगीने २०१२ मध्ये संग्रह फिलाडेल्फिया शहरात हलविण्यात आला. दात्याचा हात मेल्यानंतरही खिळ्यावर राहावा, ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. देखभालीचे पैसे, फेरिस्त आणि विक्रीला मनाई या तीन बाबतींत दानपत्र लोखंडासारखे असावे. मांडणी, उसनवार देणे-घेणे आणि नव्या चित्रांची भर यांबाबत ते पुढच्या पिढीच्या शहाणपणावर सोडावे. त्याचप्रमाणे एका श्रीमंताच्या आवडीनिवडीला सार्वजनिक रुचीचे सिंहासन मिळते, हा आक्षेपही मी फेटाळून लावीत नाही. त्यात तथ्य आहे. पण सरकारी खरेदी-समितीपुढे जे चित्र कुणालाच नको असते ते एखादा वेडा माणूस आपल्या खर्चाने वाचवितो, हेही तितकेच खरे आहे, आणि एका संग्राहकाच्या एकांगीपणावर उपाय म्हणजे दुसरा संग्राहक.

जबलपुरात असे संग्रह आहेत काय? निकल्सनांसारखा नाही, लहान लहान मात्र पुष्कळ आहेत. राज्यघटनेच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेचे पान नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली ज्यांनी सजविले आणि त्या पानाच्या कोपऱ्यात ‘राम’ एवढीच सही केली, ते ब्योहार राममनोहर सिन्हा जबलपूरचे; गोलबाजारातील शहीद स्मारकाच्या भिंतींवरील त्यांची चित्रे शेकडो सभा-संमेलनांच्या गर्दीने रोज पाहिली, म्हणजे खरे तर न पाहताच सोडली. त्यांनी शिकविलेल्या माणसांच्या घरी रेखाटने आहेत. भोसल्यांच्या अंमलापासून आणि नंतर रेल्वे, तोफगाडीचा कारखाना व तारखाते यांच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत रविवर्मा मुद्रणालयातील जुनी शिळाछापे, नागपूरच्या चित्रकारांची जलरंगातील निसर्गचित्रे, कुणा मामाने मुंबईहून आणलेली एखादी प्रत, असे काही ना काही सापडते. एका परिचिताच्या घरी मी पत्र्याची ट्रंक उघडलेली पाहिली: डांबराच्या गोळ्या केव्हाच विरून गेलेल्या, तळाशी गुंडाळलेले जलरंग, आणि उलगडताना कसरीने खाल्लेल्या भोकांमधून पलीकडची भिंत दिसू लागली. चित्र धुआंधारचे होते. खालच्या उजव्या कोपऱ्यातील सही नेमकी खाल्ली गेली होती. काढणाराचे नाव घरात कुणालाही आठवेना. त्या कुटुंबाने चित्रावर अन्याय केला असे मी म्हणणार नाही; त्यांनी ते तीन घरे बदलताना सांभाळून नेले होते. त्यांना विचारावयास येणारे, आणि ते घेऊन पावती देणारे, असे कुणी नव्हते.

कायद्याची बाजूही येथे ध्यानात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यान्वये नंदलाल बोस, रविवर्मा, अमृता शेर-गिल आदी नऊ कलावंतांच्या कृती देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. परंतु तो कायदा वस्तू देशात ठेवतो, तो तिला छप्पर देत नाही. छप्पर स्थानिक लोकांनीच दिले पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मध्य प्रदेशाच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली एक न्यास नोंदवावा, आणि त्याच्या घटनेत देणाऱ्यांचे प्रतिनिधी, चित्रकलेचे शिक्षक, भेडाघाटच्या नगर परिषदेचा एक सदस्य आणि तेथील दगडकाम करणाऱ्यांपैकी एक असा निम्मा अधिकार गावाकडे ठेवावा. सरकारने भव्य वास्तूची घोषणा करू नये. धबधब्याच्या तुषारांपासून दूर, टेकडीच्या बाजूला, चार कोरड्या खोल्या, सारखे तपमान राखणारी यंत्रे, रात्रीचा पहारेकरी आणि चित्रांची निगा राखण्याचे रीतसर शिक्षण घेतलेला एक माणूस, एवढा भार उचलावा. नर्मदेवरील पावसाळ्यात हवेतील दमटपणा आवरणे हा या कामातील सर्वांत खर्चिक भाग आहे, आणि तो दरवर्षीचा आहे. उद्घाटनाच्या वर्षापुरते अनुदान देऊन तो भागत नाही. म्हणून नावेच्या आणि रोपवेच्या तिकिटातून ठरलेला अंश कायमचा या न्यासाकडे वळवावा. अल्हणादेवीने दोन गावे लावून दिली, त्याची आजची बरोबरी हीच.

पण या सर्वांच्या आधी, आणि सरकारच्या कोणत्याही मंजुरीवाचून, यंदाच्या हिवाळ्यातच करता येण्यासारखे एक काम आहे: फेरिस्त. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी दोघादोघांच्या जोडीने जबलपूर, मंडला, कटनी आणि नरसिंहपूरच्या घरांत जावे. प्रत्येक चित्राचे छायाचित्र, मापे, माध्यम, सही असल्यास तिची नक्कल, ते घरात कसे आले याची घरातील सर्वांत वयस्क माणसाने सांगितलेली हकीकत, आणि कागदाची सद्यःस्थिती अशी नोंद करावी. एक प्रत मालकाकडे व दुसरी जिल्हा ग्रंथालयात ठेवावी. चित्र मागू नये, केवळ लिहून घ्यावे. चोरीची भीती वाटणाऱ्यांची नावे व पत्ते नोंदीत उघड न ठेवण्याची हमी द्यावी. आणि ज्यांच्याकडे अशी चित्रे आहेत, ज्यांची सत्तरी-पंचाहत्तरी उलटली आहे, त्यांनी या दिवाळीत मुले-सुना-जावई घरी जमतील तेव्हा जेवणे झाल्यावर ती बाहेर काढावी, भिंतीला टेकवून मांडावी, आणि यांतील कोणते कोणाला खरोखर हवे आहे ते सरळ विचारावे. जी कुणालाच नको असतील, किंवा सर्वांनाच हवी असल्याने तंट्याचे कारण होतील, ती चित्रे कोणत्या न्यासाला द्यावयाची ते त्याच बैठकीत लिहून, सर्वांच्या सह्या घेऊन ठेवावे.